टूरिंग मोटरसायकलचा खरा पल्ला: टाकी, ॲव्हरेज आणि मधला वारा

लांबच्या प्रवासाला पहिल्यांदा निघणारा माणूस हेल्मेट, जॅकेट, रेनकोट, पंक्चरचं सामान यांची यादी चार वेळा तपासतो. पेट्रोलचा प्रश्न मात्र एका गुणाकारावर सोडून देतो. टाकी १८ लिटरची, गाडी २८ चं ॲव्हरेज देते, म्हणजे ५०० किमीची चिंता नाही. या गुणाकारातले दोन्ही आकडे फसवे असतात, आणि दोन्ही एकाच दिशेने फसवतात.

मला हे रस्त्याच्या कडेला बसून कळलं. लांबलचक घाट उतरून सपाटीला लागलो तेव्हा डिस्प्लेवर ‘९० किमी शिल्लक’ दिसत होतं आणि पुढचा पंप ६२ किमीवर होता. सपाटीवर समोरून जोराचा वारा होता. मी वेग कमी केला नाही, कारण डिस्प्लेवर विश्वास होता. ५७ किमीवर इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. गाडीत काही बिघाड नव्हता. घाट उतरताना मिळालेल्या ३० च्या ॲव्हरेजने डिस्प्लेने हिशेब मांडला होता, आणि वाऱ्यात गाडी १९ देत होती. टाकीतलं तीन लिटर पेट्रोल दोन्ही हिशेबांत तेवढंच होतं.

तेव्हापासून नव्या मंडळींना मी एकच गोष्ट सांगतो. सरासरी ॲव्हरेज खर्चाचा अंदाज बांधायला ठीक आहे. पल्ला काढायचा तो आपल्याच गाडीने आपल्याच हाताखाली दिलेल्या सर्वांत वाईट आकड्यावरून. तो आकडा हाती कसा आणायचा आणि पुढे त्याचं काय करायचं, हे खाली क्रमाने सांगतो.

पायरी १: टाकीत वापरता येणारं पेट्रोल किती, ते काढा

मॅन्युअलमध्ये लिहिलेली क्षमता म्हणजे टाकीत मावणारं पेट्रोल. ते सगळं इंजिनापर्यंत पोहोचतंच असं नाही. मोटरसायकलची टाकी फ्रेमवर घोड्याच्या खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिला खाली दोन पोटं असतात. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप किंवा पेट्रोल चालू-बंद करणारा कॉक एका पोटात असेल, तर दुसऱ्या पोटाच्या तळाशी थोडं पेट्रोल अडकून राहतं. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पंप टाकीच्या आतच असतो आणि भोवतीचं पेट्रोल त्याला थंड ठेवतं. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवायची सवय त्या पंपाच्या मुळावर येते. म्हणून ‘एकदा मुद्दाम संपवून बघू’ हा प्रयोग इंजेक्शनच्या गाडीवर करू नका.

त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. रिझर्व्हचा दिवा लागला की तिथला ट्रिप मीटरचा आकडा लिहून ठेवा, जवळच्या पंपावर टाकी फुल करा आणि किती लिटर बसलं ते पाहा. दिवा लागल्यावर पंपापर्यंत जे अंतर गेलं त्याचं पेट्रोल वजा करा. समजा १८ लिटरच्या टाकीत अशा हिशेबाने १४ लिटर बसलं, तर दिवा लागताना टाकीत सुमारे चार लिटर होतं. त्यातलं अर्धा लिटर तळाशी अडकणारं धरा. म्हणजे तुमची टाकी साडेसतरा लिटरची. असं तीन-चार वेळा केलंत की दिवा नेमका कधी लागतो ते कळतं. चढावर, उतारावर किंवा खडबडीत रस्त्यावर पेट्रोल हिंदकळून तो लवकर लागू शकतो, तेव्हा सपाट रस्त्यावरची नोंद खरी धरा.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये दिव्याचं काम कॉक करतो. ‘ऑन’वर गाडी गुदमरायला लागली की कॉक ‘रिझर्व्ह’वर. हातमोज्यासकट, रस्त्यावरची नजर न हलवता तो कॉक फिरवण्याचा सराव उभ्या गाडीवर करून ठेवा. आणि टाकी भरल्यावर कॉक परत ‘ऑन’वर आणायला विसरू नका. तो रिझर्व्हवरच राहिला, तर पुढच्या वेळी कोणतीही सूचना न देता गाडी थेट कोरडी पडते.

पायरी २: ॲव्हरेज मोजा, पण नीट मोजा

पद्धत जुनीच आहे: टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, भरपूर चालवा, पुन्हा फुल, आणि गेलेलं अंतर भागिले बसलेले लिटर. खरी मेख ‘फुल’ या शब्दात आहे. नोझल आपोआप बंद झाला म्हणजे टाकी दर वेळी सारख्याच पातळीला भरली असं होत नाही. फेस, नोझलचा कोन, गाडी साइड स्टँडवर आहे की सरळ उभी, यावर पातळी बदलते. गाडी दर वेळी एकाच स्थितीत ठेवा, शक्यतो सरळ. आणि झाकणाच्या खाली आत उतरलेली गळ्याची कड असते, तिच्या खालच्या टोकापर्यंतच भरा. त्यावर काठोकाठ भरू नका. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं थंड पेट्रोल उन्हात फुगतं. तापमान २० अंशांनी वाढलं तर १८ लिटरचं आकारमान साधारण एक तृतीयांश लिटरने वाढतं, आणि त्याला जायला जागा लागते.

पातळीत ३०० मिलिलिटरचा फरक पडला, तर ५ लिटर भरताना चूक ६ टक्के होते. १५ लिटर भरताना तीच चूक २ टक्के. म्हणून थोडं थोडं पेट्रोल भरून काढलेल्या ॲव्हरेजला मी फार किंमत देत नाही. पाच-सहा टाक्यांचं एकूण अंतर आणि एकूण लिटर यांचा भागाकार करा, तो सरासरी म्हणून भरवशाचा. पण प्रत्येक टाकीचा सुटा आकडाही लिहून ठेवा, कारण आपल्याला हवा असलेला वाईट आकडा त्यातच दडलेला असतो.

ओडोमीटरही एकदा पडताळून पाहा. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड किंवा जीपीएस यांच्याशी ताडून ५०-१०० किमी चालवलंत की फरक समजतो. स्पीडोमीटर वेग थोडा वाढवून दाखवतात ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट, अंतर मात्र बरंचसं बरोबर असतं. तरी टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, आणि तेवढ्याच अंतरात चाक जास्त फेरे मारतं. गाडी मग अंतर जास्त दाखवते आणि ॲव्हरेज उगाच चांगलं भासतं.

वहीत किंवा फोनमध्ये तारीख, ओडोमीटर, लिटर आणि एक ओळ टिपण ठेवा. ती ओळ सगळ्यांत मोलाची. ‘दोघे, तिन्ही बॉक्स, समोरून वारा, १००-११०’ असं लिहिलेलं असलं की वर्षभराने २१ हा आकडा पाहून गाडी बिघडली असं वाटत नाही.

परदेशी माहिती वाचताना एककाकडे लक्ष ठेवा. युरोपात १०० किमीला किती लिटर असं सांगतात. तिथे ४ लिटर म्हणजे आपलं २५ किमी प्रति लिटर, ५ लिटर म्हणजे २०. ‘मैल प्रति गॅलन’ म्हटलं तर गॅलन कुठला, ते आधी पाहा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. त्यामुळे ५० मैल प्रति गॅलन अमेरिकी हिशेबाने २१.३ किमी प्रति लिटर होतात आणि ब्रिटिश हिशेबाने फक्त १७.७.

पायरी ३: तीन आकडे काढा आणि टाकीवर चिकटवा

आपल्या उदाहरणाची गाडी घेऊ. वापरता येणारं पेट्रोल साडेसतरा लिटर. वहीत सर्वांत चांगला आकडा २८, सरासरी २५, सर्वांत वाईट २०. चांगल्या आकड्याने पल्ला ४९० किमी येतो, वाईटाने ३५०. दोहोंत १४० किमीचा फरक आहे. गाडी तीच, टाकी तीच.

आता वाईट आकड्यातूनही दोन लिटर बाजूला काढा. नकाशातला पंप बंद निघतो, रस्ता वळवलेला असतो, एखादं वळण चुकतं, त्यासाठी ही शिल्लक. राहिले साडेपंधरा लिटर, गुणिले २०, म्हणजे ३१० किमी. हा पहिला आकडा. इथे पोहोचताना गाडी पंपावर उभीच असली पाहिजे. दुसरा आकडा २८०: वाईट दिवशी रिझर्व्हचा दिवा इथे लागेल. तिसरा २२०: इथून पुढे जो पंप दिसेल तिथे भरायचं, ‘पुढचा बघू’ म्हणायचं नाही.

हे तीन आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून टाकीवर किंवा डिस्प्लेशेजारी लावा. दहा तास चालवून थकलेलं डोकं गुणाकारात हमखास चुकतं. वाचायला मात्र त्याला जमतं.

पायरी ४: पेट्रोल खातं कोण, ते ओळखा

एका शब्दात उत्तर हवं असेल तर हवा. बाकी सगळं तिच्या मागे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण विरोध दीडपटीहूनही जास्त. १२० ला तो ८० च्या सव्वादोनपट. मोटरसायकल डोळ्याला सडपातळ दिसते, पण वर बसलेला माणूस, आरसे, उघडं इंजिन, बॉक्स यांमुळे हवेच्या दृष्टीने ती ओबडधोबडच असते. सामानासकट ३५० किलोच्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडला, तर सपाट रस्त्यावर १०० च्या वेगाने जाताना लागणाऱ्या जोरातला सुमारे चार पंचमांश जोर फक्त हवा कापण्यात जातो. टायरचं घर्षण वगैरे उरलेल्या एका पंचमांशात.

मग १२० च्या वेगाला पेट्रोलही सव्वादोनपट लागतं का? नाही. कमी भारावर पेट्रोल इंजिन अकार्यक्षम असतं, कारण अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्यातच त्याची शक्ती वाया जाते. भार वाढला की ही नासाडी घटते, त्यामुळे वाढलेल्या विरोधाचा थोडा भाग भरून निघतो. याच कारणाने फार हळू चालवूनही फायदा होत नाही. वरच्या गिअरमध्ये इंजिन न गुदमरता सहज फिरतं तो मध्यम, स्थिर वेग बहुतेक गाड्यांना मानवतो.

समोरचा वारा तुमच्या वेगात मिसळतो. तुम्ही ८० ने जाताय आणि समोरून २० चा वारा आहे, तर गाडी १०० ची हवा कापते, ओडोमीटर मात्र ८० चंच अंतर मोजतो. पाठीवरचा वारा परत येताना हिशेब पूर्ण फेडत नाही. जाताना १०० आणि येताना ६० यांच्या वर्गांची सरासरी ८० च्या वर्गापेक्षा ६ टक्क्यांनी जास्तच येते. वारा तुमच्या हातात नाही, वेग आहे. वारा अंगावर आला की १५-२० ने वेग उतरवा. पल्ला परत मिळवायचा याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

वेळ जातो म्हणाल, तर तोही मोजून पाहा. ३०० किमी ११० ने पावणेतीन तासांत होतात, ९० ने तीन तास वीस मिनिटांत. पस्तीस-छत्तीस मिनिटांचा फरक आहे. वेगापायी पेट्रोलसाठी एक थांबा वाढला, की त्यातला निम्मा तिथेच संपतो.

सामानाचं वजन आणि सामानाची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सपाटीवर वजनाने फारसं बिघडत नाही, दोन्ही बाजूंना पसरलेल्या पॅनियरनी, म्हणजे बाजूच्या बॉक्सनी बिघडतं. शक्य तेवढं सामान चालकाच्या पाठीमागे, वाऱ्याच्या आडोशाला, अरुंद आणि खाली बांधा. फडफडणारे पट्टे आणि सैल जॅकेटही हवा धरतात. चढावर मात्र वजनाचा हिशेब चुकता करावा लागतो. ३५० किलोची भरलेली गाडी १,००० मीटर वर चढवायला सुमारे ४०० ते ४५० मिलिलिटर जास्तीचं पेट्रोल लागतं. घाट मोठा असेल तर नकाशावरची चढण पाहून तेवढं आधीच वजा करा. उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा. इंजेक्शनची गाडी अशा वेळी इंजिनाचं पेट्रोल पूर्ण तोडते, आणि इंजिनाचा ब्रेकही मिळतो. क्लच दाबून किंवा इंजिन बंद करून उतरणं धोक्याचं आहे, आणि क्लच दाबला की इंजिन फिरतं ठेवायला पेट्रोल लागतंच.

टायरमधली हवा थंड टायरवर तपासा, आणि दोघे व सामान असताना मॅन्युअलने वेगळा दाब सांगितला असेल तर तो ठेवा. चेन कोरडी किंवा फार ताणलेली नको, एअर फिल्टर स्वच्छ हवा, ब्रेक घासत नसावा. इतकं पुरे.

इंधनाबद्दल दोन शब्द. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. त्यामुळे १० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सुमारे ३ टक्क्यांनी आणि २० टक्के मिश्रणात ६-७ टक्क्यांनी कमी होते, आणि ॲव्हरेज साधारण त्याच मापाने खाली येतं. एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना मिश्रण बदललं तर वहीत नोंद करा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त ऊर्जेचं पेट्रोल नव्हे. मॅन्युअलने सांगितलं असेल तेवढं ऑक्टेन भरा.

पायरी ५: डिस्प्लेचं ऐका, पण वहीशी ताडून

‘इतके किमी शिल्लक’ हा आकडा गाडी नुकत्याच झालेल्या खपावरून काढते. मागचा रस्ता पुढे तसाच चालू राहील असं ती गृहीत धरते. शहरातल्या गर्दीतून बाहेर पडताना हा आकडा विनाकारण घाबरवतो, घाट उतरल्यावर विनाकारण धीर देतो. यातलं दुसरं घातक. पेट्रोलचा काटाही सरळ रेषेत उतरत नाही. टाकी वर रुंद आणि खाली दोन पोटांत विभागलेली असल्याने पहिला अर्धा भाग रेंगाळतो आणि उरलेला झपाट्याने जातो, असं अनेक गाड्यांमध्ये दिसतं. ट्रिप मीटर हे माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक यंत्र आहे. पेट्रोल भरलं की नोझल बाहेर निघताच तो शून्य करा. पैसे देऊन झाल्यावर करू म्हणाल तर विसराल.

पायरी ६: दोन पंपांमधलं अंतर पल्ल्याहून जास्त असेल तेव्हा

असे रस्ते आहेत. कॅनडातल्या डेम्पस्टर हायवेवर सुरुवातीपासून ईगल प्लेन्स ३६९ व्या किलोमीटरवर येतं, आणि मधे पंप नाही. आपल्या उदाहरणाच्या गाडीने सरासरी २५ धरली तर हे अंतर आरामात होतं, वाईट २० धरली तर १९ किमी आधी गाडी थांबते. रस्ता कच्चा, सामान लादलेलं, हवा थंड आणि दाट. अशा ठिकाणी २० धरूनच निघायचं.

मोठी टाकी हा एक उपाय. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसची टाकी २० लिटरची आहे, तर त्याच गाडीच्या ॲडव्हेंचर आवृत्तीची ३० लिटरची. उलट होंडाने २०१८ च्या गोल्ड विंगची टाकी २५ वरून सुमारे २१ लिटरवर आणली. गाडी हलकी आणि कमी पेट्रोल पिणारी केल्याने पल्ला राखता आला. म्हणून गाडी निवडताना नुसते टाकीचे लिटर पाहू नका. भरलेल्या मोठ्या टाकीचं वजन वरच्या बाजूला असतं, आणि पंपाजवळच्या खडीवर गाडी वळवताना ते जाणवतं.

दुसरा उपाय कॅन. पाच लिटरचं पेट्रोल पावणेचार किलोच्या आसपास भरतं आणि वाईट दिवशीही १०० किमी देतं. कॅन पेट्रोलसाठीच बनवलेला घ्या, पाण्याची बाटली किंवा तेलाचा डबा नको. भरताना तो गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका टळतो. वर थोडी जागा मोकळी सोडा. सायलेन्सरपासून दूर, खाली आणि घट्ट बांधा. अपघातात पहिला मार बसेल अशा कडेला तो नको. बोटीवर, बोगद्यात किंवा काही प्रदेशांत भरलेला कॅन नेण्यावर बंदी असू शकते, ते आधी विचारा. आणि टाकीत पाच लिटरची जागा झाली की लगेच, उजेड असताना, सपाट जागा बघून कॅन टाकीत रिकामा करा. रिकामा कॅन घेऊन पुढे जाणं केव्हाही बरं.

समूहात चालला असाल तर थांबे सगळ्यांत कमी पल्ल्याच्या गाडीने ठरतात. निघण्याआधी प्रत्येकाला त्याचा ‘वाईट आकडा’ विचारा. ज्याला तो माहीत नाही, त्याचा कॅटलॉगमधला आकडा चतुर्थांशाने कमी करून धरा. कॅटलॉगचे आकडे ठरावीक चाचणीतले किंवा स्थिर वेगातले असतात, तुमच्या सामानासकटचे नव्हेत.

पायरी ७: दिवा लागला आणि पंप दिसत नाही

वेग ६०-७० वर आणा, वाहतूक अंगावर येत असेल तर डाव्या-उजव्याचा विचार करून सुरक्षित कडेने. वरचा गिअर, स्थिर थ्रॉटल, हेल्मेटची काच खाली, शरीर थोडं पुढे झुकलेलं. वारा समोरचा असेल तर याचा फायदा आणखी मोठा. ओव्हरटेक टाळा. दिवसाउजेडी वस्ती लागली तर तिथेच थांबून विचारा. अंधारात ओसाड रस्त्यावर गाडी बंद पडण्यापेक्षा वस्तीत अर्धा तास गेलेला परवडतो.

तरीही इंजिनाने आचके दिलेच, तर गती शिल्लक असतानाच रस्त्याबाहेर या. मग गाडी उभ्या स्थितीत, तोल सांभाळून, टाकीतला पंप किंवा कॉक ज्या बाजूला आहे त्या बाजूला चांगली कलती करा. दुसऱ्या पोटातलं अडकलेलं पेट्रोल मधल्या उंचवट्यावरून इकडे येतं आणि कधी कधी शेवटचे दोन-चार किमी मिळतात. गाडी जड असेल तर दोघांनी धरा, एकट्याने करायचं काम नव्हे.

पेट्रोल मिळाल्यावर इंजेक्शनच्या गाडीला लगेच स्टार्टर मारत बसू नका. किल्ली चालू करा, पंपाची गुणगुण थांबेपर्यंत थांबा, बंद करा, असं तीन-चार वेळा करा. नळीत दाब तयार झाला की गाडी सुरू होते. पुढच्या पंपावर टाकी फुल करताना बसलेले लिटर आणि आधी कॅनमधून ओतलेले लिटर यांची बेरीज करा, आणि मधल्या अंतरात जळालेलं वजा करा. हा आकडा तुमच्या टाकीत वापरता येणाऱ्या पेट्रोलचं सर्वांत अचूक माप आहे. पायरी १ मधला अंदाज खोडून तो लिहा आणि टाकीवरची पट्टी बदला.